आडवाटेचा महसूल

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेस सुमारे नव्वद मैलांवर, गॅबिलान डोंगररांगेच्या पायथ्याशी, हॉलिस्टर नावाचे एक लहानसे गाव आहे. जर्दाळूच्या बागा, गुरांची कुरणे आणि भूकंपाचे अधूनमधून जाणवणारे हलके धक्के यांपलीकडे ज्याचे नाव दूरवर जाण्यास काही निमित्त नव्हते, अशा या गावाचा मोटारसायकलच्या इतिहासाशी विसाव्या शतकात दोन वेळा संबंध आला. १९४७ च्या जुलै महिन्यात, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, सुमारे चार हजार मोटारसायकलस्वार त्या साडेचार हजार वस्तीच्या गावात उतरले आणि गावच्या मोजक्या पोलिसांना तो जमाव आवरेना, ही पहिली घटना. १९७५ साली त्याच गावाबाहेरच्या टेकड्या कॅलिफोर्निया सरकारने विकत घेतल्या आणि मोटारसायकली व जीपगाड्या आडरानात चालवण्यासाठी राखून ठेवलेले राज्यातील पहिले सरकारी उद्यान तेथे उघडले, ही दुसरी. पहिल्या घटनेची छायाचित्रे मासिकांत आली, तिच्यावर कथा लिहिली गेली, चित्रपटही निघाला. दुसरीची दखल सरकारी दप्तराबाहेर फारशी कोणी घेतली नाही. तरीही या दोहोंत दुसरीच अधिक विचारार्ह आहे असे मला वाटते. कारण रस्ता सोडून गाडी हाकण्याची हौस ज्या दिवशी चारदोघांची न राहता लक्षावधींची झाली, त्या दिवसापासून तिच्यापुढे उभा राहिलेला खरा प्रश्न वेगाचा नव्हता, तर जमिनीची आणि जिवाची जोखीम कोणी पत्करायची हा होता, आणि आडरानातील वाहन-उद्यानांच्या धंद्याचा सारा इतिहास म्हणजे ती जोखीम एकाच्या शिरावरून दुसऱ्याच्या शिरावर कशी गेली याची हकीकत आहे.

या मुलखाची मालकी तशी पूर्वीपासूनच हातोहात फिरलेली. मूळचे ओलोनी लोक, त्यानंतर १७९७ साली जवळच सान हुआन बाउतिस्ता येथे ठाणे देणारे स्पॅनिश धर्मोपदेशक, त्यानंतर मेक्सिकोचे अंमलदार, आणि १८४८ नंतर अमेरिकी सरकार, अशी ही परंपरा आहे. मेक्सिकोच्या अमदानीत येथील जमिनी हजारो एकरांच्या इनामांच्या रूपाने वाटल्या गेल्या होत्या. हद्दी ठरवणारे नकाशे हाताने काढलेले, आणि खुणा म्हणून त्यांत एखादा ओढा, एखादा ओक वृक्ष, एखादी टेकडी. १८५१ च्या कायद्याने अमेरिकेने या इनामदारांना आपापल्या सनदा आयोगापुढे शाबीत करण्यास लावले, आणि आपल्याकडे इनाम कमिशनपुढे दस्तऐवज घेऊन खेटे घालणाऱ्या घराण्यांची जी दशा झाली तिच्याशी जुळणारी दशा तिकडच्या पुष्कळ घराण्यांच्या वाट्यास आली. विल्यम वेल्स हॉलिस्टर याने ओहायोहून मेंढ्यांचा कळप हाकत येऊन याच खोऱ्यात जमीन मिळवली, आणि १८६८ मध्ये ती पन्नास शेतकऱ्यांच्या मंडळीला विकली तेव्हा त्यांनी वसवलेल्या गावास त्याचेच नाव दिले. खोऱ्यातील काळी जमीन अशी बागायतदारांकडे गेली. वरच्या उताराच्या, ओकची झाडे आणि काटेरी झुडपे माजलेल्या टेकड्या मात्र गुरे चारण्यापलीकडे कोणाच्या उपयोगाच्या नव्हत्या. ज्या जमिनीचा सारा सर्वांत हलका, तीच पुढे या नव्या धंद्याच्या वाट्यास आली. आणि हे केवळ हॉलिस्टरपुरते खरे नाही, हे पुढे दिसेलच.

१९४७ च्या त्या दंग्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अमेरिकन मोटारसायकलस्वारांच्या संघटनेने युद्धपूर्व काळापासून चालत आलेला शर्यतींचा मेळा युद्धसमाप्तीनंतर पुन्हा भरवला, अपेक्षेहून कितीतरी अधिक माणसे आली, मद्य वाहिले, भर रस्त्यावर शर्यती लागल्या, काही जण जखमी झाले, काही जण कोठडीत गेले, आणि सुट्टी संपताच सर्व जण परतले. 'लाइफ' मासिकाने बाटल्यांच्या खचात मोटारसायकलवर रेललेल्या एका स्वाराचे छायाचित्र छापले, जे मुद्दाम मांडणी करून घेतले असावे असा संशय पुढे पुष्कळांनी बोलून दाखवला. आणि १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोची भूमिका असलेल्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटाने त्या प्रतिमेवर शिक्कामोर्तब केले. या प्रतिमेचा आमच्या विषयाशी संबंध एवढाच की मोटारसायकलस्वार म्हणजे गावाबाहेर ठेवण्याजोगा इसम, अशी जी समजूत त्यामुळे दृढ झाली, ती पुढे आडरानात जागा मागणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या आड येत राहिली.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने एक नवे वाहन निर्माण करून ठेवले होते. सैन्यासाठी घडवलेली विलीज जीप १९४५ पासून नागरी बाजारात आली. तिचीच जुळणी महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली, आणि आमच्याकडे कलेक्टर, मामलेदार व वनखात्याचे अधिकारी यांच्या फिरतीचे साधन म्हणून ती तालुक्यातालुक्यांत पोहोचली. अमेरिकेत तीच गाडी विरंगुळ्याचे साधन झाली. १९५३ साली सिएरा नेवाडाच्या कुशीतील जॉर्जटाउन गावच्या मंडळींनी, गावाच्या मंदावलेल्या व्यापारास काही उठाव मिळावा म्हणून, रुबिकॉन नावाच्या खडकाळ जुन्या वाटेने टाहो सरोवरापर्यंत जीपगाड्यांची यात्रा काढली. पंचावन्न गाड्या आणि दीडशेवर माणसे तीत सामील झाली. आडवाट ही स्वतःच विकण्याजोगी वस्तू आहे, तिच्यासाठी माणसे दुरून येतात, राहतात, जेवतात आणि पैसा खर्च करतात, हे त्या यात्रेने प्रथम स्वच्छ दाखवून दिले.

पण जीप ही अखेर बऱ्या सांपत्तिक स्थितीतल्या माणसाची गाडी. या हौसेला खरा पूर आला तो जपानी मोटारसायकलींमुळे. होंडा कंपनीने १९५९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दुकान मांडले. १९६८ मध्ये यामाहाने मातीत आणि डोंगरात चालेल अशी हलकी, स्वस्त आणि खात्रीची गाडी बाजारात आणली. आणि १९६० साली अमेरिकेत नोंदलेल्या मोटारसायकली सहा लाखांच्या आत होत्या, त्या १९७० पर्यंत अठ्ठावीस लाखांच्या घरात गेल्या. १९७१ मध्ये ब्रूस ब्राऊनच्या 'ऑन एनी संडे' या चित्रपटाने या क्रीडेला पहिल्यांदाच सभ्य गृहस्थांच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळवून दिला. या साऱ्या गाड्या जाणार कोठे? दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला त्याचे उत्तर दाराशीच होते: मोहावीचे वाळवंट, संघराज्य सरकारच्या मालकीचे, कुंपण नसलेले आणि वरवर पाहता कोणाच्याच कामाचे नसलेले. १९६७ पासून बार्स्टो ते लास व्हेगस अशी शर्यत त्या वाळवंटातून सुटू लागली, आणि १९७४ पर्यंत सुमारे तीन हजार स्वार एकाच रेषेवरून एका इशाऱ्यासरशी धूळ उडवीत निघू लागले.

वाळवंट सर्व काही गिळते ही कल्पना चुकीची आहे. १९४२ मध्ये जनरल पॅटनने ज्या भागात रणगाड्यांचे शिक्षण दिले, तेथील चाकोऱ्या आजही डोळ्यांना दिसतात. कारण त्या भूमीचे वरचे पातळ कवच, सूक्ष्म जीवांनी आणि खड्यांनी शतकानुशतके बांधलेले, एकदा फुटले म्हणजे माणसाच्या आयुष्यात पुन्हा बसत नाही. १९७५ मध्ये सरकारने त्या शर्यतीस परवाना नाकारला. त्याआधीच, फेब्रुवारी १९७२ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढून सर्व सरकारी खात्यांना आपापल्या जमिनींपैकी कोणत्या अशा वाहनांस खुल्या आणि कोणत्या बंद, हे ठरवण्यास फर्मावले होते. कुरण मोकळे होते तोवर ते कोणाचेच नव्हते. आता त्याच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या, आणि हद्द आखली की हद्दीच्या आत घेणारा आणि आत घेण्याचा मोबदला मागणारा कोणीतरी निर्माण होतोच.

तो प्रथम खाजगी मालकाच्या रूपाने निर्माण झाला, आणि त्याची स्थिती नीट समजण्यासाठी एका कायद्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत १९६३ साली एक कलम दाखल झाले: शिकार, मासेमारी, भटकंती अशा करमणुकीसाठी कोणी आपल्या जमिनीत शिरला आणि त्याला इजा झाली, तर जमीनमालक सामान्यतः त्यास जबाबदार नाही. मालकांनी फाटके उघडी ठेवावीत यासाठी केलेली ही सोय होती. पण त्याच कलमात अशी मर्यादा घातली होती की मालकाने प्रवेशासाठी मोबदला घेतला तर हे संरक्षण लागू नाही. म्हणजे जो गुराखी शेजारच्या पोरांना टेकडीवर गाडी चालवू देतो तो सुरक्षित, आणि जो त्यांच्याकडून एक डॉलर घेतो त्याच्या शिरावर त्यांच्या हातापायांची जोखीम. या धंद्याचा पहिला भांडवली खर्च ना जमीन, ना यंत्रे. तो विमा होता, आणि या व्यवसायात शिरलेल्या प्रत्येकाला हे केव्हा ना केव्हा कळून चुकले.

लॉस एंजेलिसच्या आसपास १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी उद्याने निघाली. ऑरेंज जिल्ह्यातील सॅडलबॅक पार्क हे त्यांतले सर्वांत नामांकित. तेथील 'बान्झाय हिल' आणि 'मॅटरहॉर्न' या चढणींची नावे ती क्रीडा जाणणाऱ्यांच्या पिढ्यांच्या तोंडी होती, राष्ट्रीय शर्यती तेथे भरत, आणि आठवड्याचे दिवसही फाटक उघडे असे. परंतु जमीन उद्यान चालवणाऱ्याची नव्हती. ती अर्व्हाइन कंपनीची होती, जिच्या ताब्यातील एकेकाळच्या विस्तीर्ण कुरणांवर तेव्हा विद्यापीठ, गाव आणि घरांच्या वसाहती नकाशाबरहुकूम उभ्या राहत होत्या. सांता क्लारा नदीकाठचे इंडियन ड्यून्स हेही तसेच, न्यूहॉल कंपनीच्या जमिनीवरचे. या दोन्ही ठिकाणी वाहन-उद्यान हे मधल्या काळातील उत्पन्न होते. ज्या दिवशी घरांची किंमत खंडापेक्षा वरचढ ठरेल त्या दिवशी उठून जाणारे खंडकरी, कुळाचा कोणताही हक्क न मिळालेले. आणि ज्याला पुढल्या हंगामाची शाश्वती नाही तो बांधबंदिस्ती कशाला करील? चढणीवरून धावणारे पाणी ओघळ पाडीत गेले, ओघळांच्या घळी झाल्या, आणि वाहून गेलेल्या मातीचा हिशेब कोणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. सॅडलबॅक १९८४ मध्ये बंद झाले. आजही जुने स्वार त्याच्या आठवणी काढताना सद्गदित होतात, आणि त्या प्रेमाविषयी मला आदर आहे. पण जमिनीच्या दृष्टीने पाहता ती उद्याने म्हणजे उधारीवर काढलेले दिवस होते.

येथे सरकारच्या प्रवेशाची वेळ येते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात जीन चॅपी आणि एडविन झ्बर्ग या दोन सदस्यांच्या नावे ओळखला जाणारा कायदा संमत झाला. चॅपी हे डोंगराळ ग्रामीण मतदारसंघाचे, झ्बर्ग हे निसर्गरक्षणाचे कैवारी. अशा दोघांनी एकत्र येऊन तो कायदा करावा यातच त्याचे मर्म आहे. रस्त्यावर न जाणाऱ्या वाहनांचीही नोंदणी व्हावी, त्यांना वेगळी चिठ्ठी चिकटवावी, आणि त्या शुल्कातून व इंधनकराच्या काही भागातून एक स्वतंत्र निधी उभारावा, असे त्याने ठरवले. इंधनकराची ही तजवीज मला विशेष चतुर वाटते. पेट्रोलवरील कर हा रस्त्यांसाठीच खर्च व्हावा असे तेथील राज्यघटना सांगते. शेतकऱ्याने ट्रॅक्टरमध्ये जाळलेल्या पेट्रोलचा कर, ते रस्त्यावर जळले नाही म्हणून, त्याला परत मागता येतो. मग टेकडीवर मोटारसायकल उडवणाऱ्याने भरलेला कर रस्त्यांच्या तिजोरीत का राहावा? एकेका स्वाराने दोनचार डॉलरसाठी अर्ज करण्यापेक्षा ती सारी रक्कम एकत्र करून त्यांच्यासाठी जमीन घ्यावी आणि त्या जमिनीची डागडुजी करावी, हा विचार त्यामागे होता. इतर नागरिकांच्या खिशाला हात न लावता, ज्याची चाके त्याच्याकडूनच त्या चाकांनी उकरलेल्या मातीचा महसूल घ्यायचा, असे हे तत्त्व.

या निधीतून घेतलेली पहिली जमीन हॉलिस्टरची. हॉवर्ड हॅरिस नावाच्या रँचमालकाने आपल्या टेकड्या मोटारसायकलस्वारांना पूर्वीच खुल्या केल्या होत्या. त्यामुळे १९७५ मध्ये सरकारने त्या विकत घेतल्या तेव्हा कोऱ्या जमिनीवर उद्यान वसवायचे नव्हते, तर चालत्या वहिवाटीचा ताबा घ्यायचा होता. पुढे भर पडत जाऊन आज ते क्षेत्र सहा हजार एकरांहून अधिक झाले आहे. उंची साडेसहाशे फुटांपासून चोवीसशे फुटांपर्यंत चढत जाते. खालचा भाग दुचाकी व तत्सम हलक्या वाहनांचा, वरचा भाग जीपगाड्यांचा, अशी विभागणी आहे, कारण एकाच अरुंद वाटेवर दोन जातींची वाहने समोरासमोर आली म्हणजे काय होते याचा अनुभव या धंद्यातील प्रत्येकाने कोठे ना कोठे रक्त सांडून घेतलेला आहे.

या टेकड्यांखालून सॅन आंद्रियास हा भूगर्भातील प्रचंड भंग जातो. उद्यानातील त्याच्या भागास १९६५ मध्येच राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला होता. शेजारी एक द्राक्षमद्याची जुनी वखार आहे; तिच्या भिंती आणि फरशी दर वर्षी सुमारे अर्धा इंच या गतीने एकमेकींपासून सरकत आहेत हे १९५६ मध्ये ध्यानात आले, आणि तेव्हापासून भूशास्त्रज्ञांच्या यात्रा तेथे चालू आहेत. परंतु उद्यान चालवणाऱ्याला या भंगाचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या एका अंगाला कुजलेल्या ग्रॅनाइटची भरड, पाणी झिरपू देणारी माती आहे, तर दुसऱ्या अंगाला चिकण माती. आणि एकाच पावसानंतर एका बाजूच्या वाटा दुसऱ्या दिवशी चालू करता येतात, तर दुसऱ्या बाजूच्या कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागतात. आपल्याकडचा शेतकरी औत घालण्याआधी मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे पाहतो, त्याच जातीचे ज्ञान तेथील पहारेकऱ्याच्या ठायी असावे लागते: ओल्या चिकण मातीत चाक घातले तर खोल चाकोरी पडते, ती वाळून दगड होते, पुढल्या पावसात तिच्यातूनच पाणी धावते आणि वाट वाहून जाते, अगदी कोरडी झाली तर तीच माती भुकटी होऊन वाऱ्यावर जाते. मधले जे काही आठवडे माती ओलसर आणि घट्ट असते, तोच खरा हंगाम. गिऱ्हाईक दाराशी उभे असताना, गल्ला समोर असताना, पाऊस पडून गेलेल्या शनिवारी फाटक बंद ठेवण्याची हिंमत ज्याच्यापाशी आहे त्याचीच वाट पाच वर्षांनी जागेवर असते.

या कामाचा तपशील पाहिला तर तो शर्यतीच्या क्रीडेपेक्षा मृद्संधारणाच्या खात्याशी अधिक जुळतो. वाट सरळ चढणीवर न नेता उताराच्या आडव्या अंगाने न्यायची. ठरावीक अंतरावर तिला हलकी खोलगट वळणे द्यायची, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरेल. ओढ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारी तळी खणायची आणि दर हंगामानंतर त्यांतील गाळ उपसायचा. थकलेली वाट दोनचार वर्षे पडीत टाकून तिच्यावर गवत येऊ द्यायचे. शर्यतीचा मार्ग यंत्राने नांगरून, पाणी मारून, पुन्हा आकारास आणायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कायद्यानेच असे बंधन घातले की ज्या वाटेवरील मातीची झीज ठरावीक मर्यादेत राखता येत नाही ती दुरुस्त करावी, अन्यथा बंद करावी. त्यानुसार १९९१ मध्ये मृद्संधारणाची मानके तयार झाली. याखेरीज कोरड्या गवताला ठिणगीने आग लागू नये म्हणून प्रत्येक यंत्राच्या धुराड्यास ठिणगीरोधक जाळी, आणि शेजाऱ्यांच्या शांततेसाठी आवाजाची शहाण्णव डेसिबेलची मर्यादा, ही बंधने आली. फाटकावरचा कारकून तिकीट फाडण्याआधी गाडीपाशी आवाजमापक धरून उभा राहतो, हे दृश्य १९४७ च्या हॉलिस्टरकरांना खोटे वाटले असते.

सरकारने पुढे घेतलेल्या जागांची यादी पाहिली की हलक्या जमिनीचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ट्रेसी गावाजवळच्या कॉरल हॉलो दरीत टेस्ला नावाची कोळशाची खाण होती. कोळशाबरोबर तेथे उत्तम माती सापडली, म्हणून १९०२ च्या सुमारास कार्नेगी नावाचे विटांचे गाव वसले. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारतींना त्याने विटा पुरवल्या, १९११ च्या पुरात ते खचले, आणि अखेर प्रतिस्पर्धी कंपनीने ते विकत घेऊन जमीनदोस्त केले. ओसाड पडलेल्या त्या दरीत मोटारसायकलस्वार जाऊ लागले, खाजगी उद्यान निघाले, आणि १९७९ मध्ये सरकारने ते घेतले. सॅक्रामेंटोजवळच्या प्रेअरी सिटीची जमीन सोन्याच्या शोधात यंत्रांनी उलथीपालथी केलेली, दगडगोट्यांच्या ढिगांनी भरलेली. तेथेही आधी खाजगी मालकाचे उद्यान, मग जिल्ह्याचे, आणि १९८८ पासून राज्याचे. आधीच्यांनी सोने नेले, कोळसा नेला, विटा नेल्या. उरलेल्या भूमीतून निघण्याजोगे अखेरचे पीक म्हणजे हे. अशा भग्न जमिनीवर चाके फिरवण्यास फारशी हरकत नसावी हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो: सोडून दिलेल्या खाणीवर पन्नास वर्षांत निसर्गाने जे पुन्हा उभारलेले असते, त्याची किंमत मूळ जंगलाइतकी नसली तरी शून्य खास नसते.

खाजगी मालकांचे काय झाले? १९८० च्या दशकाच्या मध्यास साऱ्या अमेरिकेत दायित्वाच्या विम्याचे हप्ते भडकले, आणि कित्येक मालकांनी फाटकाला कुलूप लावणेच पत्करले. त्याच सुमारास तीन चाकांच्या गाड्यांवरील अपघातांत मुलांचे इतके बळी गेले की १९८८ मध्ये सरकार आणि उत्पादक यांच्यात तडजोड होऊन त्या गाड्यांची विक्री थांबली. प्रवेशपत्रिकेवर स्वाराची सही घेऊन दाव्याचा हक्क सोडवून घेण्याचा शिरस्ता मात्र टिकला, आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका अनौपचारिक फुटबॉलच्या खेळात झालेल्या इजेच्या दाव्यात, खेळात अंगभूत असलेला धोका खेळणाऱ्याने पत्करलेलाच असतो असे तत्त्व घालून दिले. त्याचा आधार पुढे या उद्यानांनाही मिळाला. घोर निष्काळजीपणा मात्र कोणत्याही सहीने माफ होत नाही, हे त्याच न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. माझ्या मते न्याय दोन्ही बाजूंना बरोबर झाला: चढणीवरून पडण्याचा धोका स्वाराचा, पण आंधळ्या वळणापलीकडे इशाऱ्याचे निशाण घेतलेला माणूस उभा न करण्याचा दोष मालकाचा.

जोखमीच्या वाटणीचा आणखी निराळा मार्ग वेस्ट व्हर्जिनियाने काढला. तेथील दक्षिणेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांत कोळशाच्या खाणींतील कामे घटली होती, तरुण गावे सोडून जात होते, आणि जमिनी प्रामुख्याने कोळसा व इमारती लाकडाच्या बड्या कंपन्यांच्या. लोक त्यांच्या जुन्या खाणवाटांवर गाड्या घालतच होते. कंपन्यांना भय दाव्यांचे. १९९६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एक प्राधिकरण स्थापन केले आणि एकोणिसाव्या शतकातील हॅटफिल्ड व मॅकॉय या दोन घराण्यांच्या रक्तरंजित वैराचे नाव त्यास दिले. जमीन कंपन्यांचीच राहिली, वापराचा करार प्राधिकरणाने केला, विमा आणि रखवाली त्याने आपल्याकडे घेतली, आणि स्वारांना वार्षिक परवाना विकला, परराज्यातील स्वारास अधिक दराने. २००० साली पहिल्या वाटा उघडल्या. आज त्यांची लांबी हजार मैलांहून अधिक आहे, आणि ज्या गावांतील खानावळींना पूर्वी खाणकामगारांच्या पाळीची प्रतीक्षा असे त्यांना आता शुक्रवारच्या संध्याकाळची असते. येथे प्राधिकरणाने जमिनीची मालकी घेतलीच नाही, केवळ जबाबदारी घेतली, आणि तेवढ्यावर सारा व्यवहार उभा राहिला.

कॅलिफोर्नियाचा तो निधी दीर्घ काळ मुदतबंद होता. दर काही वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि प्रत्येक वेळी स्वारांच्या संघटना व निसर्गरक्षक यांच्यात झुंज जुंपे. २०१७ च्या कायद्याने तो कायमचा झाला, पण वन्यजीव आणि मृदा यांविषयीची बंधने आणखी कडक होऊनच. कार्नेगीच्या शेजारची, जुन्या टेस्ला खाणीची तीन हजारांवर एकर जमीन याच निधीच्या पैशाने १९९० च्या दशकात उद्यानवाढीसाठी घेतलेली होती. त्या दरीत ओक वृक्षांची दाट राई, दुर्मीळ बेडूक आणि सॅलमँडर, आदिवासींच्या आणि खाणकामगारांच्या वस्तीचे अवशेष असल्याने वीस वर्षांहून अधिक काळ तिच्यावर वाद आणि खटले चालले. अखेर २०२१ मध्ये ती जमीन वाहनांसाठी न उघडता निसर्गोद्यान म्हणून राखावी असे ठरले, आणि तिची किंमत राज्याच्या सामान्य तिजोरीतून स्वारांच्या निधीस परत करण्याची तरतूद झाली. या निर्णयाने स्वारांपैकी पुष्कळ जण नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला अवास्तव वाटत नाही, कारण पैसा त्यांच्या चिठ्ठ्यांचा आणि त्यांच्या पेट्रोलचा होता. परंतु तो पैसा कोणाचा हे निधीच्या हिशेबात पन्नास वर्षे वेगळे लिहून ठेवलेले होते, म्हणूनच तो मोजून परत करता आला.